शब्द सांगेल त्याला पत्र

वामनने खिडकीच्या जाळीखालच्या फटीत चार बोटं घातली, मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"सगुणा."

देवीदासच्या हातातला शिक्का पॅडवरच राहिला. त्याने मान वर केली. वामनच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. गेल्या दिवाळीत नदीच्या पुलावर दोघं शेवटचे समोरासमोर उभे राहिले होते.

"कोणी सांगतलं?"

"मायनं. ताप आहे तिले दोन दिवसांपासून. म्हणे, एवढा शब्द सांगजो, बाबू पत्र देईन."

"ती बरी झाल्यावर येईन. पत्र कुठं पळून चाललं?"

"मग शब्द कायले ठेवला भाऊ तुम्ही? माणसंच पाहाची आहेत तं."

रांगेत तिसऱ्या नंबरवर संत्र्याच्या व्यापाऱ्याचा मुनीम दत्तात्रय उभा होता. तो घाम पुसत ओरडला, "ओ बाबूजी, पत्र देऊन राहिले का पोरगी देऊन राहिले? किती पाहणी चालली!"

दोघे-तिघे हसले. देवीदास उठला. मागच्या लाकडी खणांच्या मांडणीत सगळ्यात खालच्या कोपऱ्यातला खण त्याने मोकळा ठेवला होता. त्यात एकच निळं आंतरदेशीय पत्र होतं. त्यावरचं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. सरळ उभ्या रेघा, प्रत्येक शब्दावर शिरोरेघ वेगळी. पाठवणाऱ्याची जागा नेहमीप्रमाणे कोरी होती. त्याने ते पत्र फटीतून पुढे सरकवलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

वामनने पत्र घडी न घालता खिशात ठेवलं. जाता जाता त्याने विचारलं,

"हे सगुणा कोण हो, भाऊ? मायनं सांगतलं नाही."

"मले काय माहीत."

पांढुर्ण्याच्या डाकघराच्या पायरीवरून डावीकडे उतरलं की नदी आणि पलीकडे सावरगाव, वामनचं घर. उजवीकडे बसस्टँड. वामन उजवीकडे वळला. देवीदासने ते पाहिलं, दत्तात्रयच्या हातातला रजिस्टर्ड लिफाफा घेतला आणि वजनाच्या काट्यावर ठेवला.

ही शब्दाची पद्धत कुठल्याही नियमावलीत नव्हती. ती देवीदासने स्वतः बसवली होती. तीन वर्षांपूर्वी त्याने एक रजिस्टर्ड पत्र चेहरा ओळखून दिलं होतं. घेणारा पत्र ज्याच्या नावाचं होतं त्याचा सख्खा भाऊ निघाला, आणि दोघा भावांचा जमिनीवरून वाद कोर्टात चालू होता. देवीदासला मेमो मिळाला. मेमोचं त्याला एवढं लागलं नाही. चौकशीला आलेला निरीक्षक कपातला चहा संपवता संपवता म्हणाला होता, "तुमच्या लोकांना खिडकीवर बसवलं की..." आणि वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं होतं. सावरगावच्या बौद्धवाड्यातून सरकारी खुर्चीवर बसलेला देवीदास पहिलाच. ते अर्धं वाक्य त्याच्याकडे राहून गेलं. तेव्हापासून तो चेहऱ्यावर विश्वास ठेवीनासा झाला.

ज्यांना घरी पत्र आलेलं नको होतं, अशा चौघांची नावं त्याच्या एका छोट्या वहीत होती. नावापुढे एक शब्द. पत्र डाकघरात थांबायचं. जो येऊन शब्द सांगेल त्याला मिळायचं, मग तो स्वतः येवो की कोणाला पाठवो. रेल्वेतून रिटायर झालेले बापूजी त्यात होते, कारण सुना त्यांची पत्रं आधी फोडत. त्यांचा शब्द होता 'शंटिंग', आणि तो ते एवढ्या मोठ्याने सांगत की अर्ध्या बाजाराला पाठ झाला होता. पोस्टमास्तर यशवंतराव वही पाहून म्हणाले होते, "देवीदास, नियमात हे बसत नाही. पण मनाईही कुठं दिसून नाही राहिली मला. कुलपात ठेव, आणि मला काही विचारू नको."

चौथं नाव शांताबाईचं.

शांताबाई वामनची आई. वामन आणि यमुना ही तिची दोन मुलं, आणि दोघांची लग्नं एकाच मांडवात, साटंलोटं करून झालेली. वामनला सौंसरच्या भगवंतरावांची मुलगी वत्सला दिली, भगवंतरावांच्या दिलीपला यमुना दिली. दोन्ही घरांचा खर्च वाचला, दोन्ही घरं खूश होती. वामनचा संसार चांगला चालला, मुलगा झाला. यमुनाचा चालला नाही. तिसऱ्या वर्षी दिलीपने तिच्या अंगावर रॉकेल ओतलं. काडी सर्द निघाली, दुसरी पेटवेपर्यंत शेजारची बाई आत आली. एवढ्यावर पंचांनी समजूत घालून यमुनाला तिथेच ठेवलं होतं.

पोळ्याला ती माहेरी आली. दुसऱ्या दिवशी गोटमार, दोन्ही गावांनी नदीवर एकमेकांवर दगड मारायची जत्रा. सारं सावरगाव आणि सारं पांढुर्णा नदीच्या दोन्ही काठांवर. त्या गर्दीत यमुना घरातून निघाली ती परत आली नाही. दीड महिन्याने शांताबाईच्या नावाने डाकघरात पहिलं पत्र आलं. यमुना अमरावतीला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली होती.

तोवर साटंलोटं उलटं फिरलं होतं. यमुना गेली त्याच्या आठव्या दिवशी भगवंतराव बैलगाडी घेऊन आले आणि वत्सलाला, सात महिन्यांच्या नातवासकट, घेऊन गेले. आमची सून आणा, तुमची घेऊन जा. बोलणं एवढंच झालं. वत्सला रडली, पण गाडीत बसली.

शांताबाई दर बाजारच्या दिवशी यायची. देवीदास जेवणाच्या सुट्टीत मागच्या ओसरीत बसून तिला पत्र वाचून दाखवायचा आणि तिच्या सांगण्यावरून उत्तर लिहायचा. पत्र ती घरी नेत नसे. ओसरीतच चुलीच्या राखेत घालायची. यमुना सातवीपर्यंत शिकलेली. पत्रात उजव्या कोपऱ्यात, शाळेत शिकवलं तसं, पूर्ण पत्ता आणि तारीख. मग चाळीस मुलींच्या पोळ्या, वॉर्डनबाईंचा खोकला, एका मुलीने तिला अंकगणित शिकवायला घेतलं ते. "पत्ता आत लिहीत नको जाऊ," असं उत्तरात लिहायचं देवीदासने दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा कागद आधीच भरला.

सुरुवातीला शांताबाईने शब्द दिला होता 'हरणी'. तिच्याकडच्या जुन्या बकरीचं नाव.

"हे नाही चालणार, मावशी," देवीदास म्हणाला होता. "बकरी साऱ्या घरानं पाह्यली. वामनले माहीत नाही असं सांगा काही."

"वामनले माहीत नाही असं काय राहीन बाबू माझ्याजवळ? एका खोलीचं घर."

ती विचार करते म्हणून गेली आणि दोन बाजार रिकामी आली. तिसऱ्या बाजारी ओसरीच्या खांबाला टेकून, दुसरीकडे पाहत म्हणाली, "सगुणा लिहा. वामनच्या आधी एक झाली होती. बारा दिवस होती. नाव ठेवलं होतं मी मनातल्या मनात. तिच्या बापालेही नव्हतं सांगतलं."

देवीदासने 'हरणी' खोडलं आणि वर ते लिहिलं.

हे सगळं वामन निघून गेल्यावर त्याला आठवत होतं असं नाही. तो तिकिटं विकत होता, मनीऑर्डरचे फॉर्म तपासत होता, एका म्हातारीला कार्डावर पत्ता लिहून देत होता. फक्त साडेअकराच्या सुमारास त्याने तारेचा एक कोरा फॉर्म काढला आणि टेबलाच्या खणात ठेवला. अमरावतीचा पत्ता त्याला तोंडपाठ होता. दहा शब्दांचं काम. दुपारी बाराला तार गेली तर संध्याकाळी पाचपर्यंत वसतिगृहात पोहोचते. हा हिशेब त्याने केला. मग दुसरा विचार केला. शांताबाईला खरंच ताप असेल. तिने विश्वासाने मुलाला पाठवलं असेल. शब्द बरोबर होता. शब्द बरोबर असताना आपण तार केली, तर मग शब्दाला अर्थ काय राहिला, आणि आपण पत्र दिलंच कसं?

या शेवटच्या प्रश्नापाशी तो प्रत्येक वेळी थांबला. तीन वाजता त्याने खण उघडला, फॉर्म पाहिला आणि बंद केला. चार वाजता तारेची खिडकी बंद झाली.

सव्वापाचला तो पूल ओलांडून सावरगावात गेला. जाम नदी आटून मधल्या धारेवर आली होती, पोरं पात्रात गोट्या खेळत होती. शांताबाई दारात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. कपाळावर ताप दिसत नव्हता.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. ये बाबू. बस."

तिने पोतं पुढे सरकवलं. तो बसला नाही.

"वामन कुठं गेला?"

"सौंसरले."

"पत्र घेऊन?"

सूप थांबलं नाही. टरफलं अंगणात उडत होती.

"मावशी, त्याले तुम्ही पाठवलं?"

"शब्द बरोबर सांगतला न त्यानं?"

देवीदासने खांबाला हात टेकला. शांताबाईने सूप मांडीवर ठेवलं.

"त्यानं दोर आणला होता बाबू. मागच्या बाजारी. मी पाहून घेतला, चुलीत घातला. तं म्हणे, दोराची काय कमी आहे गावात. आठ महिने झाले त्याच्या पोराले पाहून. पोट्टं चालाले लागलं म्हणते, पाह्यलं नाही यानं." तिने पदराने तोंड पुसलं. "दिलीप येऊन गेला परवा. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगून गेला का तिच्या अंगाले बोट नाही लावीन."

"पोराले सोबत आणलं होतं त्यानं?"

"हाव. वामन घरी नव्हता तवा. पाह्यलं मी. येऊन बसलं माझ्याजवळ."

"मग परत काहून नेलं?"

शांताबाईने सुपातला एक खडा उचलून टाकला.

"दोघं माह्याच पोटचे न, बाबू."

बाजूच्या घरातून कोणीतरी रेडिओ लावला, तो खरखरला आणि बंद झाला. देवीदास वळला. मागून ती म्हणाली,

"वामनले ते नाव सांगतलं फक्त. कोणाचं आहे ते नाही सांगतलं."

सकाळी आठला तारेची खिडकी उघडली तेव्हा पहिली तार देवीदासची होती. पैसे त्याने खिशातून भरले आणि पाठवणाऱ्याच्या जागी शांताबाईचं नाव घातलं. पत्ता कळला आहे, लगेच जागा सोड, एवढंच. यशवंतरावांनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

त्या दिवशी पहाटे पाचला वरूडमार्गे अमरावतीला जाणारी बस निघाली होती. तिच्यात वामन, दिलीप आणि भगवंतराव बसले होते. हे देवीदासला मागाहून, स्टँडवरच्या पानवाल्याकडून कळलं. बस साडेनऊला पोहोचते. तार वसतिगृहात अकराला पोहोचली. दुपारी दोनला हिंदीत उलटा निरोप आला: पाने वाली जा चुकी है. तार जिच्या नावाची होती ती निघून गेली होती.

देवीदासने तो कागद वाचला आणि फाइलला लावला. आदल्या दिवशी बाराला गेली असती तर, हा हिशेब त्याने पुन्हा केला नाही. एकदा केला होता, तो बरोबर होता.

पुढच्या बाजारी शांताबाई आली ती कडेवर नातू घेऊन. पोरगं गोरंगोमटं, डोळ्यांत भरपूर काजळ, हातात अर्धा पेरू. रांगेतल्या बायांनी त्याचे गाल ओढले. दत्तात्रय मुनीम म्हणाला, "का वं आजी, लॉटरी लागली तुले तं!"

"वत्सला आली घरी," ती म्हणाली. मग जाळीजवळ तोंड आणून, "बाबू, माझं नाव काढून टाका वहीतून. आता पत्र येईन ते घरीच येईन."

त्याने वही काढली, नाव खोडलं. तिने ते पाहिलं. पेरूचा रस जाळीवरून खाली टेबलावर पडला, तो त्याने टिपकागदाने टिपला.

वामन त्यानंतर दोनदा दिसला. दाढी केलेली, शर्टाला सगळी बटणं. तो रस्त्याच्या पलीकडून गेला. वत्सला नदीवर धुणं घेऊन जाताना दिसायची. कोणी सासरचं विचारलं की माहेरचं सांगायची, आणि माहेरचं विचारलं की पाणी भरायचं आहे म्हणायची. यमुनाला कोणी पाहिलं नव्हतं. जामसांवलीच्या देवळात दिलीप आणि त्याची आई दिसली, सोबत सून नव्हती, एवढं बापूजींनी येऊन सांगितलं. त्यांनी विचारलंही होतं म्हणे. "घर सोडून कशी येईन ती," असं उत्तर मिळालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शांताबाई खिडकीवर आली. बाजारचा दिवस नव्हता. रांग नव्हती. ती एकटी होती आणि तिच्या हातात फोडलेलं आंतरदेशीय पत्र होतं.

"डाकवाल्यानं घरी आणून देल्लं. वामननं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "आता तुम्ही वाचा."

"वामननं वाचलं न?"

"वाचलं. तुम्ही वाचा."

देवीदासने पत्र उलटून पाहिलं. पाठवणाऱ्याची जागा या वेळी भरलेली होती. दिलीपचं पूर्ण नाव, बापाचं नाव, मोहल्ला, सौंसर, जिल्हा छिंदवाडा. अक्षर गोल आणि ठसठशीत, पुरुषाचं. शिक्का पाच दिवसांपूर्वीचा. त्याने ते उघडलं आणि ओसरीत वाचायचा तसं, शब्द सुटे करून वाचलं.

"तीर्थरूप आईस यमुनाचा नमस्कार. मी इकडे सुखरूप आहे. घरची सर्व मंडळी मला चांगले वागवतात. माझी काळजी करू नये. मला भेटायला येण्याची तसदी घेऊ नये, उन्हाचा त्रास होतो. वामनदादा, वहिनी व बाळ यांस आशीर्वाद व नमस्कार. माझे काही मागणे नाही."

"झालं?"

"झालं."

"वामननंही असंच वाचलं," शांताबाई म्हणाली. तिने जाळीखालून हात आत घातला आणि पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे निळ्या शाईचा एक ठसा होता, कडेला थोडा पसरलेला. सगळ्या कागदावर तिला ओळखता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

"इथं काय लिहिलं बाजूले?"

"यमुनाबाई. नि. अं."

"म्हणजे?"

"निशाणी अंगठा."

शांताबाईने बोट काढलं नाही. बाहेर एक बस हॉर्न वाजवत स्टँडकडे वळली, धूळ पायरीपर्यंत आली आणि खाली बसली.

"ती तं सही करे बाबू. लहानपणापासून करे. दारावर, पाटीवर, जिथं जागा दिसली तिथं करे."

देवीदासने ठशाजवळची अक्षरं पुन्हा वाचली.

"हाताले काही झालं असन."

"असन."

"का कागद नसन देल्ला हाती."

"तेही असन, मावशी."

तिने हात मागे घेतला. पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग तिने जाळीला कपाळ टेकवलं, आणि वामनने शब्द सांगितला होता तेवढ्याच हळू आवाजात विचारलं,

"अंगठा तं तिचाच आहे न?"

देवीदासने पत्र उजेडाला धरलं. दिवसाला वीस-पंचवीस अंगठे त्याच्या हाताखालून जात. प्रत्येकाचा नमुना आत कपाटात होता, शंका आली की काढून शेजारी ठेवून पाहता येई. यमुनाच्या अंगठ्याचा नमुना कुठल्याच कपाटात नव्हता. तिला तो कधी लावावाच लागला नव्हता.